राब आणि दुगाडचा डोंगर

वज्रेश्वरीच्या देवळाचा इतिहास आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये वसई हाती आली आणि मग किल्ल्यासारख्या तटाचे, बावन्न पायऱ्यांचे देऊळ उभे राहिले. स्नेहसंमेलनाच्या भाषणांत हे इतक्या वेळा ऐकले आहे की स्मरणिकेत पुन्हा नको. पण आपल्या उन्हाळी सुट्ट्या ज्या दोन गोष्टींत जात, म्हणजे आठवडाभर राबाचे काम आणि रविवारी डोंगर, त्यांनाही इतिहास आहे. तो वर्गात कधी आला नाही.

आधी राब. भिवंडीहून एसटीने येणाऱ्या मित्रांना तो फक्त धुरावरून माहीत असेल. भाताची रोपे जिथे पेरायची, त्या जागेवर शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या वाळलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा, म्हणजे सावकाश जळतो. तणाचे बी मरते, राख जमिनीत मुरते, पहिल्या पावसात रोप जोमाने वर येते. आपले काम फांद्यांचे भारे ओढण्याचे आणि ढेकळे फोडण्याचे. घरचे काम असेल तर मजुरी कसली! दुसऱ्याच्या शेतावर गेलो तर थोडेफार मिळे आणि ते देवीच्या चैत्री यात्रेत संपे.

या फांद्यांवरून ठाणे जिल्ह्यात एकेकाळी मोठा वाद झाला होता. १८७८ च्या कायद्यानंतर सरकारने जंगले राखीव करायला घेतली. राबासाठी फांद्या तोडणे, गुरे चारणे, सरपण आणणे, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोष्टी परवानगीच्या झाल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतकऱ्याला पालवी किती लागते, हा सरकारी चौकशीचा विषय होता! आपण रखवालदाराची चाहूल लागली की भारा टाकून पळायचो. त्या पळण्याला शंभर वर्षांची परंपरा होती म्हणायची.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आपल्यासाठी हे सुट्टीतले काम होते. पाड्यांवरून येणाऱ्या वारली-कातकरी मुलांसाठी ते पोट होते. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, त्या मुलांची नावे हजेरीपटावरून हळूच गळत. या स्मरणिकेच्या यादीत त्यांच्यातले फार थोडे आहेत. आणि गंमत अशी, की डोंगराच्या वाटा आपल्याला दाखवल्या त्यांनीच. कुठल्या सोंडेवर करवंदांची जाळी आहे, कुठल्या टाक्याचे पाणी मेपर्यंत टिकते, हे ज्ञान त्यांचे.

डोंगर म्हणजे गुमतारा. दुगाडचा किल्ला किंवा घोटवडा हीही त्याचीच नावे. पहाटे निघायचे, वर पडके बांधकाम आणि पाण्याची टाकी बघायची, उतरून अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसायचे. वरून खाली बघताना राबांचा धूर दरीत तरंगत असे आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर दिसत.

याच दुगाडच्या परिसरात १२ डिसेंबर १७८० रोजी मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला होता आणि कर्नल हार्टलीची फौज त्या वेढ्याची पाठराखण करत होती. वसई सोडवायला आलेल्या मराठी सैन्याचे नेतृत्व रामचंद्र गणेश कानडे यांच्याकडे होते. पानिपतानंतर १७६९ मध्ये उत्तरेत गेलेल्या मोठ्या मोहिमेतले हे सरदार, नवखे नव्हेत. हार्टलीने दोन्ही बगलांच्या टेकड्यांवर तोफा चढवून ठेवल्या होत्या. दाट धुक्याच्या आडोशाने मराठ्यांनी त्यांतली एक घ्यायचा बेत केला. पण ऐन वेळी धुके विरले आणि फौज तोफांसमोर उघडी पडली. रामचंद्र गणेश तिथेच पडले. त्यांच्याबरोबरचा पोर्तुगीज अधिकारी नोरोन्हा जखमी झाला.

ज्या वसईसाठी ते लढत होते, ती आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, इंग्रजांच्या हाती गेली होती. चिमाजी अप्पांनी जिंकल्यापासून एकेचाळीस वर्षांनी. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

विजयाचे देऊळ आणि पराभवाचे रान, दोन्ही एकाच पंचक्रोशीत. पहिल्याच्या पायऱ्या आपल्याला तोंडपाठ, दुसऱ्यावरून आपण करवंदे खात गेलो. मला विचाराल तर रामचंद्र गणेशांचे नाव प्रार्थनेनंतरच्या दिनविशेषात १२ डिसेंबरला एकदा तरी वाचले जायला हवे होते. आजही फळ्यावर लिहायला काही खर्च नाही. गुरुजनांपैकी कोणी शाळेच्या कानावर घातले तर बरे होईल.

मेळाव्यानंतर ज्यांचे गुडघे अजून साथ देतात त्यांनी गुमताऱ्यावर यावे, असे आमच्या तीन-चार जणांचे ठरते आहे. उन्हाळ्यात नको, डिसेंबरात जाऊ, पहाटे. धुके असले तर थोडे थांबू आणि ते विरताना खालच्या टेकड्या एकेक करून कशा उघड्या पडतात ते पाहू.