पांटून : नाव की पूल?

चंबळेच्या काठी नोकरी केलेल्या माणसाला ‘पांटून’ हा शब्द अपरिचित नसतो. दफ्तरात आम्ही ‘पांटून पूल’ लिहीत असू. घाटावरची माणसे त्याला ‘पीपे का पुल’ म्हणत. पोकळ लोखंडी पीपे ओळीने पाण्यात नांगरायचे, एकमेकांस जखडायचे आणि वर फळ्या अंथरायच्या. नदीच्या पात्रात खांब नाही, पाया नाही. सारा भार पाणीच तोलते.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘पोन्स’ म्हणजे पूल, तर ‘पोन्तो’ म्हणजे सपाट तळाची नाव. गॉल लोकांच्या एका जातीच्या जहाजांना सीझरने हेच नाव दिले आहे. पुढे फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. म्हणूनच खलाशी त्याचा अर्थ नाव असा घेतो आणि पूल बांधणारा तरंगता आधार असा. ‘पोन्स’चे आपल्याशीही नाते आहे. संस्कृत ‘पन्था:’ त्याचा सगोत्र. ‘पंथ’ आणि ‘पांथस्थ’ त्याच कुळातले. ग्रीकांचा ‘पोन्तोस’, म्हणजे समुद्र, हाही त्यांचाच भाऊबंद. ‘पीपा’ मात्र पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला, आपल्या घरातले पिंपही तेच.

इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस याने ग्रीसवर चाल करताना हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर जहाजांचे दोन पूल बांधले. एकास ३६० व दुसऱ्यास ३१४ जहाजे लागली, असे हिरोडोटस सांगतो. त्याआधीचे पूल वादळाने मोडले होते. आपल्याकडे धौलपुराजवळ राजघाटास विसाव्या शतकाच्या आरंभी नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत नावांचा पूल असे. पावसाळ्यात नावेनेच पार व्हावे लागे. पूर आला की असा पूल टिकत नाही. तो वेळीच सोडवावा लागतो.

माझ्या सेवाकाळात एका वर्षी पावसाळा सरून महिना लोटला तरी पूल जोडला गेला नव्हता. पैलतीरावरचे एक वृद्ध गृहस्थ कचेरीत आले आणि शांतपणे म्हणाले, “साहब, पीपे तो किनारे पड़े हैं, पुल कब बनेगा?” मंजुरीची फाइल आठ दिवस माझ्याच टेबलावर होती. मी ती त्याच दिवशी पुढे पाठवली.

शब्दकोशात पांटूनचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात. त्यांतले अंतर मला त्या गृहस्थांनी दाखवले. सुटा असतो तोवर तो पीपा. कोणी वेळेवर जोडला, तरच पैलतीरच्या माणसासाठी तो पूल होतो.