सूक्ष्मजीवसृष्टी आणि कर्करोगाची पूर्वसूचना

तोंड, आतडे, योनिमार्ग अशा अवयवांत कायम वस्तीला असणाऱ्या जिवाणू, विषाणू व बुरशींच्या समुदायास, त्यांच्या जनुकांसह, सूक्ष्मजीवसृष्टी किंवा मायक्रोबायोम म्हणतात. या वस्तीतील फेरबदलांवरून कर्करोगाचा धोका गाठ दिसण्याआधी ओळखता येईल, ही अपेक्षा विशेषतः 2012 नंतर बळावली. त्या वर्षी मोठ्या आतड्याच्या गाठींत फ्यूसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा एरवी दातांच्या मुळाशी राहणारा जिवाणू विपुल आढळला. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेने 2022 मध्ये जिभेच्या आरंभीच्या कर्करोगातही त्याची सांगड दाह आणि कमी आयुर्मानाशी घातली.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात ही बाब तोंडाशी येऊन ठेपते. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून केलेली मिश्री बोटाने हिरड्यांवर घासली जाते, आणि तोंडातील काही जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करून तंबाखूतील कर्करोगकारक नायट्रोसामाइने वाढण्यास हातभार लावू शकतात. मात्र फ्यूसोबॅक्टेरियम नुसत्या हिरड्यांच्या विकारातही वाढतो. म्हणून त्याच्या एकट्याच्या आढळावरून कोणाला धोक्यात गणणे उतावीळपणाचे ठरेल. शिवाय आतड्यातील वस्ती आहारानुसार बदलत असल्याने परदेशातील रुग्णांवरून ठरवलेली मोजमापे ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत.

सूक्ष्मजीवाला सूचक मानण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र शेजारीच आहे. आळंद व बसवकल्याण तालुक्यांना लागून असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा गटवार अभ्यास केला. एका गटात गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन मानवी पॅपिलोमा विषाणू तपासला गेला. काटेकोरपणे पाहता हा विषाणू वस्तीचा कायम रहिवासी नव्हे, तर पाहुणा. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो आणि वर्षानुवर्षे टिकला तरच पेशी बिघडवतो. लॅक्टोबॅसिलस हे आम्ल तयार करणारे जिवाणू घटलेल्या योनिमार्गात तो अधिक टिकतो असे दिसते, पण त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरलेले नाही. या गटात, एकदाच केलेल्या तपासणीने व तिला जोडून दिलेल्या उपचाराने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू नियंत्रण गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. आणि ज्यांच्यात विषाणू आढळला नाही, त्यांपैकी एकही स्त्री आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या रोगाने दगावली नाही.