खडकावरची मोजदाद

नांदगाव पेठेपासून समुद्र पाचशे किलोमीटर दूर. पण इथल्या कपाशीवर पडणारा पाऊस त्याच्याच पाण्याचा. त्याचे दप्तर आपणही चाळायला हवे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत, पण त्या पाण्याच्या पातळीच्या. पाणी तापले की किनाऱ्यावरच्या जिवांचे काय होते? मालवणचे सागरी अभयारण्य १९८७चे. तिथल्या प्रवाळांसारखे जीव उष्ण पाण्यात फार काळ राहिले, तर अंगातली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे एका भेटीत दिसते. बदल समजायला मात्र दशके लागतात.

इंग्लंडात प्लिमथला अ‍ॅलन साउथवर्ड यांनी ती दिली. १९५०च्या दशकापासून ते बार्नेकल मोजत राहिले. खेकड्याच्या गोतातला हा जीव खडकाला एकदा चिकटला की कायमचा; पळून जाणार कुठे? एक जात थंडी मानवणारी, दुसरी ऊब. जागा एकच. १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर थंडीवालीचे फावले, पुढे पाणी तापले तशी दुसरी पसरली.

१९८०च्या दशकात अशा कामाचा सरकारी पैसा आटला. साउथवर्ड मोजतच राहिले. नव्या शतकात तापमानवाढीचा परिणाम तपासायला संशोधक त्याच किनाऱ्यांवर परतले, तेव्हा तुलनेला त्यांचेच आकडे हाताशी होते.