साण्यापासून स्लॅबपर्यंत : आपल्या घरातल्या धुराची गोष्ट



गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचं घरकुल पूर्ण झालं. पहिलंच हक्काचं पक्कं घर. लेक बाळंतपणाला आली होती. रिवाजाप्रमाणे खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि गारवा नको म्हणून दार-खिडकी घट्ट लावली. पहाटे लेकीचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या, बाळ सुस्त पडलं. सासूबाईंनी दार सताड उघडलं, दोघांना ओट्यावर आणलं आणि दवाखाना गाठला. दोघं वाचली. पुढच्या बैठकीत सासूबाईंनी विचारलं, “माझी चार बाळंतपणं शेगडीवरच झाली. मग आत्ताच असं का व्हावं?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला आपल्या घरांचा आणि चुलींचा इतिहासच पाहावा लागला.

आपली जुनी घरं आठवा. कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा. मराठवाड्यात, खानदेशात मातीच्या धाब्याला मधोमध एक भोक ठेवत. कुणी त्याला साणं म्हणे, कुणी सवणं. त्यातून उजेड यायचा आणि धूर जायचा. म्हणजे ते घर काही धुराविना नव्हतं. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आपल्या आज्या डोळे पुसत, खोकत स्वयंपाक करायच्या. पण घर पूर्ण बंद कधीच नसायचं.

बाईच्या या धुराचा विचार आपल्याच वर्ध्यात फार आधी झाला. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. तिथे धुराडं असलेली मातीची चूल तयार झाली, तीच मगन चूल. पुढे १९५०च्या दशकात हैदराबादला डॉ. एस. पी. राजू या अभियंत्यांनी बिनधुराच्या चुलीवर काम केलं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत भारतीय सहकाऱ्यांबरोबर काम केलं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. तोवर धूर म्हणजे शहरातल्या गिरण्यांचा, असंच मानलं जाई. स्वयंपाकघरातला धूर त्या वेळी आकड्यांत दिसू लागला.

त्याच दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. २००२ साली तो बंद झाला. तोवर पुष्कळ चुली मोडल्या होत्या. धुराड्यात काजळी साचली की धूर उलटा घरात यायचा. साफ कशी करायची हे बाईला कुणी नीट शिकवलं नव्हतं, आणि दुरुस्तीला पुन्हा कुणी येत नव्हतं. चूल मिळाली, पण निगा राखायला कुणी शिकवलं नाही. आमच्या मते हा धडा आजही तितकाच लागू आहे.

मग गॅस आला. १९६५ साली इंडेनचा सिलिंडर निघाला, तरी खेड्यातल्या गरीब घरात तो पोचायला पन्नास वर्षं गेली. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली. त्याच वर्षी ग्रामीण घरकुलाची नवी योजना आली. तिच्यात घर किमान २५ चौरस मीटरचं आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा, असा नियम झाला.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. स्लॅबच्या घराला कौलांची फट नाही, साणं नाही. धगधगत्या निखाऱ्यातून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुन्या घरात तो फटींतून निघून जायचा. नव्या घरात तो कोंडला. रिवाज तोच राहिला, घर मात्र बदललं.

म्हणून नव्या घरात राहायला गेलेल्या मैत्रिणींना आमचं सांगणं :

बंद खोलीत शेगडी, निखाऱ्याचं घमेलं किंवा चूल ठेवून झोपू नका. बाळंतिणीला ऊब हवी तर पांघरूण, टोपी, मोजे वापरा; बाळाला आईच्या उराशी धरा. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी उघड्यावर या आणि मग दवाखान्यात जा.

खिडकीवरची जाळी चिंध्या कोंबून बुजवू नका. समोरासमोरच्या खिडक्या रोज थोडा वेळ उघडा. धुराड्याची काजळी नियमानं काढा.

सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा. रात्री रेग्युलेटर बंद करा. नळीवर लिहिलेली मुदत वाचा आणि संपली की नळी बदला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद करून दारं उघडा, बाहेर या आणि १९०६ला फोन करा.

आमच्या गटानं एक ठरवलंय. घरकुलाचा पाया खणला जातो तेव्हाच दोघीजणी जाऊन विचारतात, “स्वयंपाकघराची खिडकी कुठे ठेवताय?” भिंत उभी राहिल्यावर फोडणं महाग पडतं. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की तुम्हीही हा प्रश्न घ्या. पहिलं नाव त्या सासूबाईंनी दिलं आहे.