टिळकांचा दरबार

'अधिकार' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. कचेरीत मामलेदाराचा अधिकार असतो. तो हुकुमाने मिळतो आणि बदलीबरोबर जातो. पण कीर्तनात बुवा तुकोबांचे नाव घेऊन 'त्यांचा अधिकारच मोठा' असे म्हणतात, तेव्हा तो कोणत्या हुकुमाने मिळाला हे कोणी पुसत नाही. देहूच्या वाण्याला हा अधिकार दिला कोणी, असे पुसणारे त्यांच्या हयातीत निघाले होते. त्यांचे काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे.

ख्रिस्ती शास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. क्रुसावर मेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला ख्रिस्त शिष्यांना सांगतो की, स्वर्गातला आणि पृथ्वीवरला सारा अधिकार माझ्या हाती आला आहे. आणि त्याच बळावर त्यांना जगभर धाडतो. हे शिष्य म्हणजे मासे धरणारे कोळी आणि एक जकातदार. उठलेल्या गुरूची पहिली वार्ता तर बायकांनी आणली, आणि शिष्यांना ती आधी बाष्कळ बडबड वाटली! गुरू मेलेलाच राहिला असता, तर शिष्यांना त्याची वचने जपण्यापलीकडे काही उरले नसते. तो जिवंत आहे, म्हणून त्याच्या नावाने बोललेला शब्द चालतो, अशी ही श्रद्धा आहे. मात्र नाव म्हणजे मंत्र नव्हे. स्किवा नावाच्या एका याजकाच्या मुलांनी ओळखदेख नसता येशूच्या नावाने भूत काढू पाहिले, तेव्हा त्या भूतबाधेच्या माणसाने त्यांना झोडपून उघडेनागडे पिटाळले, अशी गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आहे. मुलांना सांगण्यासारखी आहे.

पुढे या अधिकाराला सभा, समित्या, पदव्या आणि पगार येऊन चिकटले. आपल्याकडे अमेरिकन मिशन मुंबईत 1813 साली आले. आमच्या नागपुरात स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप 1845 साली आले. त्यांनी शाळा काढल्या, आणि हिस्लॉपसाहेबांचे नाव तर आमच्या कॉलेजाला कायमचे लागले आहे. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मिशनच्या चाकरीतला एतद्देशीय उपदेशक कोठे राहील, काय शिकवील, किती वेतन घेईल, हे पुष्कळदा साहेबांच्या बैठकीत ठरे. उपदेश उठलेल्या ख्रिस्ताचा आणि हुकूम मात्र समितीचा! हा पेच ज्याला सर्वांत जास्त बोचला, तो माणूस काही काळ आमच्याच गावी राहिलेला होता.

नारायण वामन टिळक म्हटले की दिवाळीच्या फराळाभोवती बसलेल्या मुलांनाही फुलांच्या कविता आठवतील. हे टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवीत. पुढे 1893 साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि त्यांच्याने पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरात आकांत झाला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या, त्याची हकीकत 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना पाठ असेल.

मिशनमध्ये टिळक बावीस वर्षे होते. शिकवणे, कीर्तने, अभंग, 1912 पासून 'ज्ञानोदया'चे मराठी संपादन. 1904 साली पाळकपदाची दीक्षाही झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. हा पूल विलायतेत बांधलेला नव्हता, हे त्यांच्या कित्येक सहकाऱ्यांच्या ध्यानात उशिरा आले. अखेर 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ताने आपल्याला प्रत्यक्ष बोलाविले आहे, मग मध्ये मुकादम कशाला, असा त्यांचा भाव होता. पंचावन्न उलटलेल्या, संसारी माणसाने बांधलेले वेतन सोडणे म्हणजे काय, हे मास्तरकी करणाऱ्याला निराळे सांगायला नको.

दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. इथे मंडळीतल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडल्या असल्यास नवल नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व कसले? या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही; जिथे दार नसते तिथे घरही फार दिवस टिकत नाही. तरी टिळकांच्या बाजूने बायबलातच एक साक्ष आहे. रोमी शतपती कर्नेल्य याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला आणि पाणी मागून आले. पेत्राबरोबर आलेले पाहतच राहिले.

त्यांच्याआधी पंडिता रमाबाई याच वाटेने गेल्या होत्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर लगेच त्यांचे तेथल्या धर्मभगिनींशी वाद सुरू झाले. ब्राह्मणांचे जू मानेवरून काढले ते बिशपांचे घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी खडसावून लिहिले. रमाबाईंना केडगावात मुक्तिसदनासाठी वर्षे मिळाली. टिळकांना दीड-दोन वर्षेच लाभली. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरास नेल्या. मंडळीने दिलेली 'रेव्हरंड' ही पदवी मात्र लोकांनी अजूनही त्यांच्या नावामागून सुटू दिलेली नाही!

त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई एके काळी सोवळ्यापायी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेत नसे. मग एके दिवशी, कोणा साहेबाने समजावल्यावाचून, जात माणसानेच केली असे तिचे तिलाच उमगले, आणि 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला. 1933 साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच बसल्या होत्या.