ऋतूंची शाळा : कोसबाडचे कुरण आणि जुईनगरची खाडी

कोकण किनाऱ्यावरच्या नाखव्याला भरतीची वेळ काढण्यास घड्याळाची गरज नसे. तिथीची पाऊणपट केली की काम झाले. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. त्याच काळी गावातल्या शाळेत मुले पाउणकी घोकीत असत. परंतु घोकलेली पाउणकी आणि खाडीतली भरती यांची गाठ गुरुजींनी क्वचितच घालून दिली असेल. ही गाठ घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे कोणी केले आणि त्यांचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न आम्ही आज विचारात घेणार आहोत.

या मागणीचा आरंभ बराच जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान द्यावे, आणि तेही लहानशा नमुनेदार शेतावर प्रत्यक्ष काम करवून द्यावे, असे सुचविले. कुणब्याच्या मुलाला शाळा परकी वाटते, ती त्याच्या मातीशी बोलत नाही म्हणून, हे त्यांनी नेमके ओळखले होते. सूचना कागदावर राहिली.

पुढे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नव्या योजनेचा आराखडा तयार केला. एखादा उद्योग मध्यवर्ती धरावयाचा आणि गणित, विज्ञान, भाषा हे विषय त्याच्या समवायाने शिकवावयाचे, ही कल्पना थोर होती. पण मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षाही तिला जोडलेली होती. आमच्या मते अडचण येथेच आली. सुताची लांबी मोजली जाऊ लागली की ‘असे का?’ हा प्रश्न मागे पडतो. शिवाय टकळी बाराही महिने सारखीच फिरते. तिला श्रावण आणि वैशाख यांतला भेद कळत नाही. शेती हा उद्योग मात्र ऋतूंना बांधलेला. परंतु बहुतेक शाळांजवळ टकळी होती, जमीन नव्हती.

हा भेद ज्यांनी कृतीतून दाखविला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्या वेळची बालमंदिरे शहरातील सुखवस्तू घरांसाठी होती. माँटेसरी बाईंची साधने महाग होती. १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले आणि अनुताई त्यांच्या मदतीस आल्या. साधनांचा प्रश्न त्यांनी गावातच सोडविला. खडे, शिंपले, बिया, पाने, माती, हीच गणनेची आणि वर्गीकरणाची साधने झाली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली; ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला, जो १९७५ नंतर शासनाच्या योजनेने देशभर पोहोचविला.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत. गुरे सोडून वर्गात बसणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून शिक्षक कुरणात गेला आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. या शाळेचे मर्म काटकसरीत नव्हते. मुलाचे काम, त्याचा परिसर आणि चालू ऋतू यांना वेळापत्रकाने वाट करून दिली, हे तिचे मर्म. एरवी आपल्या शाळा उलट करतात. बीज रुजण्याचा धडा फेब्रुवारीत येतो आणि पहिल्या पावसाच्या आठवड्यात मुले वह्यांना वेष्टने घालीत असतात.

मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत कृतीतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याने परीक्षाही बदलली. पुस्तक उघडून लिहावयाची आणि प्रयोग करून दाखवावयाची. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. आपल्याजवळ मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. निरीक्षण आणि कृती यांवर उभारलेली प्राथमिक पाठ्यपुस्तके त्याने तयार केली. तेव्हा आज उणीव ज्ञानाची नाही.

मानखुर्दहून खाडीपूल ओलांडला की वाशी, सानपाडा आणि मग जुईनगर. १९७० साली सिडको स्थापन होण्यापूर्वी या पट्ट्यात आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. शेत गेले, म्हणून ऋतू गेले असे नव्हे. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. त्यांची गणती हा अंदाजाचा उत्तम पाठ. मेच्या मध्यास दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते! दुसरी संधी जुलैच्या अखेरीस येते, तेव्हा ढग असतात.

आणि पाउणकी? पंधरा तिथींची पाऊणपट सव्वाअकरा होते. बारा व्हावयास पाऊण तास कमी पडतो. कारण भरती दर तिथीला ४५ नव्हे, सुमारे ४८ मिनिटे पुढे सरकते. चौथीतले मूल महिनाभर खाडीवरची वेळ टिपून ही तीन मिनिटे स्वतः शोधू शकेल. ती सांगून टाकणे सोपे आहे. शोधू देण्यास महिना लागतो. फुल्यांपासून अनुताईंपर्यंत सर्वांनी समाजाकडे मागितला तो हा महिनाच. शासन तो देईल तेव्हा देईल. पण मेमधल्या त्या दुपारी अंगणात एक काठी उभी करणे आपणा पालकांच्या हाती आहे.