‘ब्रॉडवे’ : एका तात्पुरत्या युद्धकालीन विमानतळाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील तात्पुरत्या विमानतळांत उत्तर ब्रह्मदेशातील ‘ब्रॉडवे’ हा विशेष अभ्यसनीय होय. इंडॉच्या ईशान्येस, अरण्याने वेढलेल्या एका मोकळ्या जागेचे हे सांकेतिक नाव. विंगेट यांच्या चिंडिट सेनेस मार्च १९४४ मध्ये जपान्यांच्या पिछाडीस उतरविण्याकरिता अशा जागा निवडण्यात आल्या. न्यूयॉर्क, लंडन व कलकत्ता येथील रस्त्यांवरून त्यांना ब्रॉडवे, पिकॅडिली व चौरंगी ही नावे मिळाली. योजनेच्या दृष्टीने त्या रिकाम्या जागा होत्या. वस्तुतः तेथे सागवानाची तोड चालत असे.

५ मार्च रोजी आसामातील लालाघाटाहून ग्लायडर निघण्याच्या सुमारास पिकॅडिलीचे ताजे छायाचित्र हाती आले. त्यात सर्वत्र ओंडके पसरलेले दिसले. शत्रूस बेत कळला असावा, या शंकेने सर्व ग्लायडर ब्रॉडवेकडे वळविण्यात आले. ते ओंडके ब्रह्मी लाकूडतोड्यांनी वाळण्यासाठी ठेवले होते, हे मागाहून उघड झाले.

ब्रॉडवेवर ओंडके ओढून नेल्यामुळे पडलेले चर गवताखाली झाकलेले होते. अंधारात त्यांत अडकून ग्लायडर मोडले. मागून येणारे त्यांवर आदळले. सुमारे ३० जण मृत्युमुखी पडले. त्यांत अमेरिकन अभियंता तुकडीचा प्रमुखही होता. तेव्हा ‘सोया लिंक’ हा अपयशाचा संकेत धाडण्यात आला. शिपायांच्या नावडत्या खाद्याचे ते नाव. सकाळी परिस्थिती आटोक्यात आल्यावर ‘पोर्क सॉसेज’ हा यशाचा संकेत गेला. उरलेल्या अभियंत्यांनी दिवसभरात धावपट्टी सिद्ध केली आणि ६ मार्चच्या रात्री तेथे डकोटा विमाने उतरू लागली. ११ मार्चपर्यंत ब्रॉडवे व चौरंगी मिळून सुमारे ९,००० सैनिक आणि १,३०० हून अधिक जनावरे पोहोचली. मे १९४४ मध्ये ब्रॉडवे सोडून देण्यात आला.

लष्करी इतिहासात हा प्रसंग शीघ्र विमानतळ-रचनेचा आदर्श ठरला आणि ते योग्यच आहे. तथापि, त्या रात्रीच्या हानीचे कारण निराळ्या दिशेने शोधावे लागते. एका जागी छायाचित्रात दिसलेल्या वस्तूचा अर्थ चुकला. दुसऱ्या जागी धोक्याची वस्तू छायाचित्रात दिसलीच नाही. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच अज्ञान होते. ज्या भूमीस परक्या रस्त्यांची नावे दिली, तेथील माणसे तिचा कोणता उपयोग करीत होती, याची पुरेशी चौकशी झाली नव्हती.